कुत्र्या-मांजराला परदेशी न्यायचंय? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

व्हिसा, नोकरी, मुलांची शाळा असं सगळं ठरल्यावर शेवटच्या महिन्यात लोक दवाखान्यात येतात आणि विचारतात, "आता शेरूचं काय करायचं?" तोवर बरेचदा उशीर झालेला असतो. अडतं ते पैशावर नव्हे, तारखांवर. म्हणून आमच्याकडं वारंवार येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. देशोदेशीचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

आमचं जायचं अजून पक्कं नाही. तरी आत्ताच कशाला धावपळ?

कारण यातली सगळ्यात लांब पल्ल्याची गोष्ट, म्हणजे रेबीजच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी, जायचं पक्कं नसतानाही करून ठेवता येते. युरोपीय संघाच्या नियमानुसार ही तपासणी एकदा पास झाली आणि त्यानंतर रेबीजचा बूस्टर एकदाही चुकवला नाही, तर ती पुन्हा करावी लागत नाही. म्हणजे आज केलेला खर्च दोन वर्षांनी जाताना उपयोगी पडतो. जाणं रद्द झालं तरी कुत्र्याला चिप (कातडीखालची ओळख-नंबराची मायक्रोचिप) बसलेली असते आणि लसी वेळेवर झालेल्या असतात. त्यात तोटा कसला?

उलट, ऑफर लेटर हातात पडल्यावर सुरुवात केली तर कंपनी सहसा दोन महिन्यांत हजर व्हायला सांगते, आणि जनावराचं वेळापत्रक त्यात काही केल्या बसत नाही.

क्रम काय? आधी लस की आधी चिप?

आधी चिप. हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा अंकी हवी. ती मानेजवळ कातडीखाली सुईनं बसवतात. भूल लागत नाही. चिप बसल्यावर रेबीजची लस, त्याच दिवशी दिली तरी चालते. चिपच्या आधी दिलेली लस युरोप, ब्रिटन आणि अमेरिका धरत नाहीत, मग कार्डावर पाच वर्षांचे शिक्के असोत. कारण सरळ आहे: लस याच कुत्र्याला दिली हे त्या कार्डावरून सिद्ध होत नाही.

त्यामुळे "आमच्या मोतीच्या सगळ्या लसी झाल्यात" म्हणणाऱ्यालाही बहुतेक वेळा चिप बसवून पुन्हा लस द्यावी लागते. जनावराला त्यानं अपाय होत नाही.

युरोपला किती महिने धरायचे?

भारत युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला लांबचा रस्ता आहे. चिप. मग लस, त्या वेळी पिल्लू किमान बारा आठवड्यांचं हवं. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं आणि मगच प्रवेश. बेरीज चार महिने होते, पण ती कागदावरची. प्रयोगशाळेचा निकाल, सुट्ट्या, विमानात जागा मिळणं हे धरून सहा महिने हाताशी ठेवा. लहान पिल्लाचं गणित तर अटळ आहे: सात महिन्यांच्या आत ते युरोपात पाऊल ठेवू शकत नाही. घरात जायचं घाटत असेल तर नवं पिल्लू आणण्याआधी याचा विचार करा.

मांजरांनाही हेच नियम आहेत. "मांजरच आहे, पिशवीतनं नेऊ" असं म्हणणारे भेटतात, म्हणून सांगतोय.

ही रक्ततपासणी नेमकी काय असते? कोल्हापुरात होते का?

रक्त कोल्हापुरात काढता येतं, तपासणी इथं होत नाही. लशीमुळे शरीरात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी पुरेशा तयार झाल्यात का, हे त्यात मोजतात. आकडा प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्तच पाहिजे. युरोपची आणि अमेरिकेची यादी वेगवेगळी आहे, तेव्हा आधी कुठं जायचं ते ठरवा, मग नमुना कुठं पाठवायचा ते.

प्रत्यक्षात होतं असं. टेबलावर कुत्रं घेतलं की सगळ्यात आधी स्कॅनर फिरवून चिपचा नंबर वाचायचा आणि मोठ्यानं म्हणत लिहून घ्यायचा. मग पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त. ते गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वर आलेलं पिवळसर सीरम तेवढं वेगळ्या नळीत काढायचं. सीरमला लाली आली असेल तर रक्तपेशी फुटल्यात असं समजायचं आणि पुन्हा रक्त घ्यायचं, कारण तो नमुना प्रयोगशाळा नाकारू शकते. नळीवर चिपचा नंबर, फॉर्मवर तोच नंबर, आणि बर्फाच्या पिशव्यांसकट पार्सल. आम्ही हे शनिवारी करत नाही. रविवारी कुरिअरच्या गोदामात पार्सल कुठल्या उन्हात पडेल, सांगता येत नाही.

एक सल्ला. आयुष्यातली पहिलीच लस असेल तर काही कुत्री ०.५ च्या खाली राहतात. नापास झालं की पुन्हा लस, पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने. हातात वेळ असेल तर लसीचे दोन डोस देऊन मग रक्त काढावं, या मताचा मी आहे.

मुलगा आधी जर्मनीला जाणार, आणि आम्ही मागून कुत्रा पाठवणार. चालेल ना?

आपल्याकडं सगळ्यात जास्त कुटुंबं इथंच अडकतात, कारण आपल्याकडं माणसं अशीच जातात: आधी एकटा जातो, घर बघतो, बाकीचे नंतर.

युरोप आणि ब्रिटन दोन्हीकडे घरच्या जनावराला जी सवलत आहे, ती मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत जनावर आलं तरच. जनावर दुसऱ्या कुणासोबत पाठवता येतं, मालकानं तसं लेखी दिलं तर. पण पाच दिवसांची अट तिथंही आहे. त्याबाहेर गेलात की तुमचा टायगर नियमांच्या दृष्टीनं व्यापारी माल ठरतो, आणि त्याचे कागद वेगळे, तपासणी वेगळी.

मग करायचं काय? कागदावर मालक म्हणून अशा माणसाचं नाव घाला, जो कुत्र्याच्या वेळी खरोखर प्रवास करणार आहे. मुलगा आधी जाणार आणि सून चार महिन्यांनी जाणार असेल, तर चिपच्या नोंदीत, लसीच्या कार्डावर, प्रयोगशाळेच्या फॉर्मवर सुरुवातीपासून सुनेचं नाव. किंवा मुलानं दिवाळीला येऊन स्वतः घेऊन जावं. आई-बाबांनी मागून "पाठवून द्यायचं" हा बेत मात्र मनातनं काढा.

जर्मनीबद्दल आणखी एक. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर या जाती आणि त्यांचे संकर तिथं आयात करता येत नाहीत.

ब्रिटनचं वेगळं काय?

चिप, लस, ३० दिवसांनी रक्त, पुढं तीन महिने, इथपर्यंत युरोपसारखंच. वेगळं असं की ब्रिटनमध्ये विमानानं येणारं जनावर कार्गो म्हणून यावं लागतं. मार्गदर्शक किंवा सहायक कुत्र्यांनाच तेवढी केबिनची मुभा. कुत्र्याला पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरकडून पट्टकृमीचं औषध द्यावं लागतं आणि त्याची वेळ कागदावर लिहावी लागते. कोल्हापुरातून निघून मुंबईत मुक्काम करून उडणाऱ्यांनी हे तास नीट मोजावेत. एक्सएल बुली, पिटबुल टेरिअर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांना तिथं बंदी आहे.

अमेरिकेला म्हणे आता फार कडक केलंय?

हो. १ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या सीडीसीचे, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे, नवे नियम लागू आहेत आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. चिप हवी. लसीचं आणि चिपचं प्रमाणपत्र त्यांच्याच ठरावीक नमुन्यात हवं, त्यावर सरकारी पशुवैद्यकाची सही हवी. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतला टायटर, म्हणजे वर सांगितलेली रेबीजच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी, हवा. त्याचं रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि पोहोचण्याच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं. टायटर नसेल तर तिथं २८ दिवस क्वारंटाईन, खर्च तुमचा.

शिवाय उतरायचं ते सीडीसीकडे नोंदणी असलेलं प्राणी-केंद्र ज्या विमानतळावर आहे तिथंच, आणि त्या केंद्रात आधी आरक्षण करून. त्यामुळे टेक्सासला राहणाऱ्या लेकीकडे जायचं असलं तरी कुत्र्याला आधी न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी उतरावं लागतं. माणसांची तिकिटं आधी काढून बसू नका.

मांजरांना सीडीसीचा हा सगळा जाच नाही. राज्याचे आणि विमान कंपनीचे नियम तेवढे पाहावे लागतात.

दुबई, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान?

दुबईसाठी आधी तिथल्या मंत्रालयाचा आयात परवाना काढावा लागतो. भारतातून जाणाऱ्याला टायटर लागतो आणि जनावर कार्गोनं जातं. काही जातींना बंदी आहे.

कॅनडा त्या मानानं सोपा. घरचा, वयानं मोठा कुत्रा रेबीजच्या वैध प्रमाणपत्रावर जातो. पण २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासारख्या देशांतून विक्रीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी कुत्रे आणायला तिथं बंदी आहे. म्हणून तो तुमचा स्वतःचा आहे, तुमच्याजवळ राहतोय, हे कागदांवरून दिसलं पाहिजे. नुसत्या मित्रासोबत "पाठवून" देण्यात इथंही धोका आहे.

जपानला चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, मग टायटर, मग रक्ताच्या तारखेपासून १८० दिवस. पोहोचण्याच्या ४० दिवस आधी तिथं कळवावं लागतं.

ऑस्ट्रेलियाचं मी सरळच सांगतो. भारतातून थेट नेताच येत नाही. आधी त्यांच्या मान्य यादीतल्या एखाद्या देशात न्यायचं, तिथून पुढचे सोपस्कार करायचे आणि शेवटी मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या केंद्रात क्वारंटाईन. दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याला या चक्रात घालावं का, हा प्रश्न पैशाचा नाही. मला विचाराल तर घालू नये. शिवाजी पेठेत मामाच्या घरी ज्या अंगणात ते लहानाचं मोठं झालं, तिथं त्याला जास्त बरं वाटेल.

लसीचं कार्ड आहे आमच्याकडं. तेवढं पुरेल?

कार्ड काढा आणि आत्ता माझ्यासोबत वाचा. मालकाच्या नावापुढं नुसतं "पाटील साहेब" लिहिलंय का? पासपोर्टवर जे पूर्ण नाव आहे, तेच हवं. कुत्र्याचं नाव एका पानावर राजा आणि दुसऱ्यावर राज्या? एकच ठरवा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलंय का, बॅच नंबर आणि मुदत वाचता येते का? पुढच्या डोसची तारीख आहे का? डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात आहे का? चिपचा नंबर आणि ती बसवल्याची तारीख लसीच्या आधीची किंवा त्याच दिवशीची आहे का?

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहायला सांगा. ०५/०६ म्हणजे आपल्याकडं पाच जून आणि अमेरिकन माणसाला सहा मे. एवढ्यावरून "लस चिपच्या आधीची दिसते" असा आक्षेप निघू शकतो.

आणि गल्लीतून उचलून आणलेलं असेल तर जातीच्या रकान्यात उगाच लॅब्रेडोर घालू नका. देशी किंवा मिश्र लिहा. त्यावर कुणीही अडवत नाही, खोट्यावर मात्र अडवतात.

शेवटचं सर्टिफिकेट कोल्हापुरात मिळतं का?

तब्येतीचा दाखला इथले डॉक्टर देतात, पण निर्यातीचं अधिकृत प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध सेवेकडून, म्हणजे एक्यूसीएसकडून घ्यावं लागतं. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि बंगळुरूला आहेत. आपल्याला मुंबई जवळची. जनावर दाखवायला न्यावं लागतं, आणि हे काम उड्डाणाच्या अगदी आधीच्या दिवसांतच होतं, कारण युरोपचं प्रमाणपत्र पोहोचण्याच्या दहा दिवसांच्या आतलं लागतं. महिनाभर आधी करून ठेवायची सोय नाही.

मग मुंबईला न्यायचं कसं?

उजळाईवाडीच्या विमानतळावरून परदेशी विमानं नाहीत, त्यामुळे मुंबई गाठायचीच आहे. रेल्वेत कुत्र्याला फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे तुमच्या नावावर असेल तरच सोबत नेता येतं, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पेटीतून. ती पेटी मी सुचवणार नाही. बहुतेकांनी गाडीच करावी. रात्री निघावं, कराडला आणि पुण्याच्या अलीकडे थांबून पाय मोकळे करावेत, खाणं हलकं ठेवावं.

पावसाळ्यात जाणार असाल तर ऐका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता आणि माणसं दिवसचे दिवस अडकली होती. अपॉइंटमेंट, पट्टकृमीच्या औषधाचे तास, दहा दिवसांचं प्रमाणपत्र, सगळं एकाच रस्त्यावर टांगलेलं असतं. जुलै-ऑगस्टचं उड्डाण असेल आणि पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, तर वाट न पाहता निघा आणि मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम ठोका. त्यांना आधी विचारा मात्र. कुत्रं घेऊन दारात उभं राहिल्यावर कुणाची वहिनी काय म्हणेल, त्याची जबाबदारी आमची नाही.

केबिनमध्ये मांडीवर घेऊन जाता येईल?

छोटं असेल तर, कंपनीनं आणि देशानं परवानगी दिली तर. केबिनची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत पिशवीसकट आठ किलोच्या आसपास असते. एका विमानात ठरावीकच जनावरं घेतात, म्हणून तुमच्या तिकिटाआधी त्याची जागा पक्की करा. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना श्वासाचा त्रास होतो. काही कंपन्या त्यांना होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या सामानाच्या कप्प्यात, घेतच नाहीत, काही उन्हाळ्यात घेत नाहीत.

झोपेचं औषध देऊ का, असं प्रत्येक जण विचारतो. नको. गुंगीत रक्तदाब आणि श्वास बिघडला तर वर बघायला कुणी नसतं, आणि गुंगीतलं जनावर कंपनी परत पाठवू शकते.

आमचा कुत्रा कारवानी जातीचा आहे. त्याची पेटी उद्यमनगरात करून घेऊ का?

करून घेता येईल, पण माप नीट घ्या. मुधोळ-कारवानी म्हणजे लांब पाय, लांब मान, लांब तोंड. तयार मिळणाऱ्या पेट्या त्याला बसत नाहीत. त्याला सरळ उभं करा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप, जमिनीपासून कोपरापर्यंत दुसरं, खांद्याची रुंदी तिसरं, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा उभ्या कानाच्या टोकापर्यंत चौथं. पेटीची लांबी म्हणजे पहिलं अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे तिसऱ्याच्या दुप्पट. उंची म्हणजे चौथं, वर अंथरुणाची जाडी. त्याला आत उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. टेप लावताना एकानं तोंडासमोर बिस्किट धरावं, नाहीतर मान खाली जाते आणि उंची कमी भरते.

लाकूड वापरणार असाल तर प्लायवूड घ्या. साध्या लाकडाला परदेशी जाताना कीडनाशक प्रक्रियेचा आयएसपीएम १५ चा शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. चारही बाजूंनी हवा खेळती, तळ न गळणारा, दार आतून न उघडणारं, भांड्यात बाहेरून पाणी ओतता यावं. घडीची तारेची पेटी चालत नाही. कारागिराला हात दाखवायची हौस असते, पण जाड पत्रा आणि अँगल लावून पेटी जड करू देऊ नका. आणि करायला घेण्याआधी चित्र विमान कंपनीला पाठवून होकार घ्या.

पेटी दोन महिने आधी घरात आणा. दार उघडं ठेवून जेवण आतच द्या. दुपारी ते आपण होऊन आत जाऊन झोपायला लागलं की काम झालं.

कार्गोचं बिल एवढं का येतं?

कारण कार्गो खऱ्या वजनापेक्षा जागेचे पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ६००० नं भागा. ११० बाय ६० बाय ९० ची पेटी म्हणजे ९९ किलो. आत कारवानी पंचवीस किलोचा असला तरी बिल नव्याण्णवचंच. म्हणून पेटी गरजेपेक्षा मोठी करण्यात शहाणपण नाही, लहान करण्यात तर नाहीच.

घरातला पोपट नेता येईल?

नाही. आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पिंजऱ्यात पाळणंच बेकायदा आहे, नेणं दूरची गोष्ट. तारा कासवाचंही तेच. आफ्रिकन ग्रे पोपटासारखे परदेशी पक्षी साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यांचे कागद हा वेगळाच विषय आहे.

परत यायचं झालं तर?

भारतात आणायलाही एक्यूसीएसचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला सामान म्हणून दोन पाळीव जनावरं आणता येतात. वर्षभराच्या प्रोजेक्टवर जाणाऱ्यांनी हे जाण्याआधी वाचावं, कारण त्यांना ही सवलत बसत नाही आणि परवान्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. तिकडं असताना बूस्टर वेळेवर घ्या, जुनं कोल्हापूरचं कार्ड टाकू नका, आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये ठेवा.